सोलापूरच्या थंडीत शेवंती झाकायची की उघडी ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी दिवाळीला नर्सरीतून शेवंतीच्या सहा कुंड्या आणल्या आणि गच्चीवर मांडल्या. महिनाभर झाडं फुलांनी गच्च होती. आता जानेवारी लागला तशी फुलं तपकिरी पडून वाळली, खालची पानं काळी होऊन देठाला लोंबायला लागली. त्यांनी कुठंतरी वाचलं की थंडीत शेवंतीला पेंढ्यानं झाकावं, नाहीतर कुंडी घरात अंधाऱ्या गार जागी ठेवावी आणि थंडी सरली की बाहेर काढावी. म्हणून त्या रोज संध्याकाळी कुंड्यांवर प्लास्टिकचा कागद टाकतात, सकाळी काढतात आणि प्रत्येकीला तांब्याभर पाणी घालतात. तरी झाडं उतरत चालली आहेत. त्या विचारतात, झाकण कमी पडतंय का? ही झाडं पुढच्या दिवाळीपर्यंत राहतील, की टाकून द्यावीत?

ताई, आधी ते प्लास्टिक काढा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

माझं सांगते. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांचा दक्षिण सोलापुरात पाऊण एकर शेवंतीचा तुकडा होता. सोळा वर्षं तो केला. आता होटगी रोडला छोटी रोपवाटिका आहे. डिसेंबर-जानेवारीत निम्मी गिऱ्हाइकं तुमचाच प्रश्न घेऊन येतात. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू बायका ‘चामंती’ म्हणतात, अक्कलकोटकडच्या कानडी बायका ‘सेवंतिगे’ म्हणतात, पण तक्रार एकच: फुलं गेली आणि झाड मेलं.

पेंढ्याचा सल्ला बरोबरच आहे, फक्त तो दुसऱ्या मुलखातला आहे. जिथं हिवाळ्यात जमीन गोठते तिथं माती रात्री फुगते, दिवसा बसते, आणि त्यात शेवंतीची उथळ मुळं उपसून वर येतात. ती जागची हलू नयेत म्हणून वर पेंढा. आपल्याकडे रात्रीचा पारा तेरा-पंधराला असतो, एखाद्या आठवड्यात कडाका पडला तर दहाच्या आसपास जातो, आणि दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. शेवंती मूळची चीनकडची, थंडी तिच्या अंगवळणी पडलेली. रात्री १५-१८ अंश हे तर तिचं सुखाचं हवामान. वर्षातले तिचे सगळ्यात बरे दिवस हेच, आणि नेमकं याच दिवसांत आपण तिला कागदाखाली कोंडतो.

कागदाखाली काय होतं ते एकदा पहाटे उठून बघा. आतल्या बाजूला दवाचे थेंब लोंबत असतात, पानं ओलीचिंब असतात, आणि कागद काढेपर्यंत सात-आठ तास तशीच राहतात. करप्याच्या बुरशीला एवढंच हवं असतं. खालच्या पानांवर आधी पिवळसर, मग काळपट गोल ठिपके येतात, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि अख्खं पान काळं पडून देठाला लोंबतं. गळून पडत नाही, लोंबतं. तुमच्या वर्णनात ‘लोंबतंय’ हा शब्द वाचला आणि माझी निम्मी खात्री तिथंच झाली. उरलेली निम्मी रोजच्या तांब्याभर पाण्यानं झाली.

आता फुलांचं. फुलं सुकली ती थंडीनंही नाही आणि करप्यानंही नाही, त्यांची वेळ भरली. शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरावर येतो. रात्र वाढत जाते तशी ती कळी धरते, फुलते, आणि जी काडी फुलली तिचं काम संपतं. त्या काडीला पुन्हा फूल आणायचा प्रयत्न करू नका. झाड पुढं चालतं ते बुडातून फुटणाऱ्या कोंबांवर. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. तुम्हाला सांभाळायच्या आहेत त्या या काश्या. वरचं झाड आता नुसता सांगाडा आहे.

त्या आहेत का ते बघायला दोन मिनिटं लागतात. कुंडी उन्हात घ्या, वाळलेल्या काड्या एका बाजूला दाबून धरा आणि बुडाशी एक बोटभर माती बोटानंच हलकी बाजूला सारा. जिवंत झाडाला खोडापासून वितीच्या आत फिकट हिरवे, कधी जांभळट टोकाचे, करंगळीच्या नखाएवढे कोंब मातीतून डोकं काढताना दिसतात. काही मातीखालीच पांढरे, आडवे पसरलेले असतात. असे तीन-चार जरी दिसले तरी वरच्या काड्या कितीही भकास दिसोत, झाड ठणठणीत आहे समजा.

कोंब दिसले नाहीत तर लगेच टाकू नका. कुंडी आडवी करून थोपटा आणि मातीचा गोळा बाहेर काढा. मुळं पांढरी किंवा फिकट बदामी, चिवट असतील तर अजून आशा आहे. तपकिरी, मऊ, चिमटीत धरून ओढली की वरची साल हातात येते आणि आत दोरा उरतो अशी असतील, आणि नाल्यासारखा वास येत असेल, तर ती कुंडी गेली.

गोळा बाहेर काढाल तेव्हा आणखी एक गोष्ट दिसेल. दिवाळीला मिळणारी ती गोल, बुटकी, फुलांचा गेंद झालेली कुंडी बहुतेक वेळा एक झाड नसतं. चार-पाच छाट एकाच कुंडीत दाटीनं लावलेले असतात, तेही निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. कोकोपीट फसवं असतं. वरून कोरडं, आत पिळून पाणी निघेल इतकं ओलं. आपण वरचं बघून पाणी घालतो. एकदा का ते पूर्ण वाळलं की उलटं होतं, पाणी कडेनं खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. वाहतुकीला हलकं म्हणून नर्सरीवाले ते वापरतात, मीही वापरते, त्यात फसवणूक नाही. पण झाड वर्षभर ठेवायचं असेल तर फुलं संपल्यावर त्याला मातीत घ्यावं लागतं.

पाण्याचं एवढंच सांगते की थंडीत रोज पाणी देऊ नका. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. मी तर कुंडी उचलून बघते. पाणी दिल्यावरचं वजन एकदा हाताला कळलं की बोट घालायचीही गरज राहत नाही. आठ इंची कुंडीला जानेवारीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी पुष्कळ होतं. सोलापुरात नळाला पाणी यायचं अंतरही साधारण तेवढंच, म्हणून मी गमतीनं सांगते, नळ आला की शेवंतीला पाणी. सकाळी द्या, बुडाशी द्या, पानांवरून ओतू नका, आणि खाली बशी असेल तर ती काढून टाका. बोअरचं पाणी देत असाल तर मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो, तो क्षार. महिन्यातून एकदा नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईल इतकं घाला, म्हणजे साचलेला क्षार धुऊन निघतो.

आता छाटणी. इथं मी स्वतः एक वर्ष चांगलीच तोंडघशी पडले आहे. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार झाला, भाव पडला, आणि मी सासऱ्यांना न विचारता एका दिवसात तीन ओळी जमिनीलगत विळ्यानं कापून टाकल्या. शेत कसं स्वच्छ दिसलं! पंधरा दिवसांत निम्मी बुडं वाळली. सासरे ओरडले नाहीत. शेजारच्या न कापलेल्या ओळीत मला उकिडवं बसवलं आणि प्रत्येक बुडाशी बोट लावून दाखवलं, हिला कोंब आहेत, हिला नाहीत, हिला येताहेत. ज्या झाडाला बुडात कोंब नाही त्याचा पानोळाही काढून घेतला तर ते जगणार कशावर? तेव्हापासून माझा नेम ठरला: आधी कोंब बघायचा, मग कात्री उचलायची. कोंब असतील तर जुन्या काड्या चार बोटं ठेवून कापा. नसतील तर फक्त वाळलेली फुलं आणि काळी पानं काढा, खालची हिरवी पानं राहू द्या आणि दोन-तीन आठवडे वाट बघा. काळी पानं कंपोस्टमध्ये टाकू नका, त्यातली बुरशी पुन्हा कुंडीत येते. सरळ कचऱ्यात.

करपा फार पसरला असेल तर मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात एकदा फवारा, हातमोजे घालून, आणि लहान मुलं गच्चीवर नसताना. पण सहा कुंड्यांसाठी औषधाचा पुडा आणायला मी सांगणार नाही. कागद काढला, पाणी कमी केलं आणि पानं वेचली की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

यापेक्षा जास्त लक्ष द्या ते माव्याकडे. जानेवारीत दोन दिवस आभाळ आलं की आपल्याकडे करडईवर मावा वाढतो हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. शेवंती करडईच्याच कुळातली, सूर्यफुलाची भावकी. तिच्यावर येतो तो मावा काळपट तपकिरी असतो, नव्या कोंबाच्या शेंड्याला आणि पानाच्या मागं दाटीनं बसतो. दुरून बघितलं तर कोंबाला धूळ लागल्यासारखं वाटतं. कुंडीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर समजा वर मावा आहे, मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात. मोठ्या झाडाला मावा एवढं काही करत नाही, पण नखाएवढ्या काशीचा सगळा रस शोषला तर पुढच्या वर्षीचं झाडच संपलं. सकाळी कोंब दोन बोटांत अलगद धरून पाण्याच्या बारीक धारेनं धुवा. तीन-चार दिवसांनी पुन्हा. तेवढ्यानं हटला नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता द्रवरूप साबण, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारा. पाठीवर ठिपके असलेले लाल ढालकिडे आणि त्यांच्या मगरीसारख्या दिसणाऱ्या काळ्या अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा. त्या मावा खातात. गेल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं ‘किडे पडले’ म्हणून त्या अळ्या चिमट्यानं वेचून मारल्या होत्या. मला रडावं की हसावं कळेना.

जानेवारीत आणखी एक शंका हमखास येते. काश्या दिसतात, पण वाढत नाहीत, जमिनीला चिकटून पानांचा छोटा गुच्छ करून बसतात. झाड अडलंय असं वाटतं आणि माणूस युरिया टाकतो. टाकू नका. थंडीत काश्या अशाच बसून राहतात, ती त्यांची विश्रांती. फेब्रुवारीत रात्री उबदार व्हायला लागल्या की त्या आपोआप उंच होतात. खत तेव्हा, कुंडीमागं मूठभर गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, बस्स. आणि तेव्हाच एक गंमत होते: वीतभर उंचीच्या काशीला कळी येते. दिवस अजून लहानच असतो ना! मोह होतो, पण ती कळी खुडा. आता फुलू दिली तर झाड उन्हाळ्यात थकलेलं शिरेल.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला काळजी त्याचीच आहे. सोलापुरात शेवंती जानेवारीत मरत नाही, ती एप्रिल-मेमध्ये मरते. पारा बेचाळीस-त्रेचाळीस, आणि गच्चीचा स्लॅब तर पाय ठेवू देत नाही. कुंडीतली माती अक्षरशः भाजते. मार्च संपायच्या आत कुंड्या खाली आणा. पूर्वेची भिंत, सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन आणि मग सावली, अशी जागा मिळाली तर उत्तम. लिंबाच्या झाडाखालीही छान राहतात. फ्लॅटमुळे गच्चीशिवाय पर्याय नसेल तर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, कुंड्या विटांवर उचलून ठेवा, सगळ्या एकमेकींना चिकटवून मांडा आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. हिवाळ्यात झाकायचा जो तुम्हाला उत्साह होता तो मे महिन्यासाठी राखून ठेवा. त्या दिवसांत मात्र पाणी रोज, गरज पडली तर दोनदा. माझ्याकडेही दरवर्षी मे महिन्यात पाचातलं एखादं झाड जातंच.

जून लागला, एक-दोन पाऊस झाले की काश्या सोडवून मुळासकट वेगवेगळ्या लावायच्या, किंवा शेंड्याचे तीन-चार इंची छाट वाळूत लावून रोपं करायची. घरासाठी काश्या सोप्या. माती आपली काळी असेल तर निम्मी माती, पाव हिस्सा जाड वाळू, पाव हिस्सा शेणखत. नुसत्या काळ्या मातीत पावसाळ्यात मुळं गुदमरतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, आणि महिन्यानं फुटव्यांचे शेंडे पुन्हा. गणपती बसायच्या आत शेवटची खुडणी, त्यानंतर हात लावायचा नाही, नाहीतर कळ्याच खुडल्या जातात. आणि एक मनाची तयारी ठेवा. नर्सरीतली बुटकी झाडं पुष्कळदा वाढ रोखणारं औषध देऊन तशी केलेली असतात. तुमच्याकडे पुढच्या वर्षी तीच जात गुडघ्याच्या वर जाईल, काठीचा आधार मागेल. जात बदलली असं समजू नका.

हे सगळं जसंच्या तसं तुम्हाला लागू पडेल असं नाही. जमिनीत लावलेली शेवंती कुंडीपेक्षा कितीतरी सोशिक असते. जातीनंही फरक पडतो: मोठ्या, भरगच्च पाकळ्यांच्या पांढऱ्या-जांभळ्या शोभेच्या जातींना माझ्या अनुभवात काश्या कमी येतात आणि उन्हाळा सोसत नाही, लहान पिवळ्या फुलांच्या जाती चिवट निघतात. त्यामुळं सहाच्या सहा वाचवायच्या हट्टाला पेटू नका. ज्या दोन-तीन कुंड्यांना भरपूर कोंब आहेत त्यांच्यावर मेहनत घ्या. एका चांगल्या बुडातून जूनमध्ये आठ-दहा रोपं निघतात, तुमची गच्ची भरायला तेवढी पुरे.

म्हणजे या आठवड्यात तुमचं काम एवढंच: कागद बंद, बशा बाहेर, बुडं उकरून कोंब बघणं, काळी पानं वेचणं, ज्यांना कोंब आहेत त्यांच्या काड्या चार बोटांवर कापणं, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला गोळा मातीत हलवणं. गोळा फोडू नका, फक्त भोवती माती भरा.

गच्चीच्या दिव्याचंही एकदा बघून ठेवा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या कुंडीला एका बाजूनं फुलं आणि दुसरी बाजू नुसती हिरवीगार होती. दोन वर्षं खतं बदलून झाली. शेवटी मी संध्याकाळी घरी जाऊन बघितलं तर रस्त्याच्या खांबावरचा पांढरा दिवा बरोबर त्या हिरव्या बाजूवर पडत होता. रात्रभर उजेड, मग झाडाला रात्र कळणार कशी? कुंडी टाकीच्या आडोशाला सरकवली, त्या वर्षी ती दोन्ही बाजूंनी फुलली. ऑक्टोबरपासून तुमच्या कुंड्यांवर असा उजेड येणार नाही ना ते आत्ताच तपासा, कारण जागा ठरवायची ती त्या हिशोबानं.

आणि समजा सहाही कुंड्या गेल्या, तरी नर्सरीत पुन्हा पैसे घालायच्या आधी एक करा. संक्रांतीचा आणि गड्डा यात्रेचा हंगाम उरकला की शेवंतीवाले शेतकरी जुनं पीक मोडायला काढतात. मार्केट यार्डात फुलं घेऊन येणाऱ्या एखाद्याला विचारून ठेवा. झिप्री, राजा, रेवडी, जी जात असेल ती. मोडायच्या दिवशी पिशवी आणि खुरपं घेऊन गेलात तर मुळासकट काश्यांची चार बुडं कुणीही देतं. आमच्या शेतातून तर कित्येक जणी पदरात बांधून घेऊन जायच्या. ओल्या फडक्यात गुंडाळून आणा आणि त्याच दिवशी लावा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.